चाळीस मिनिटांचा भात

ऊनमास्तरांचं वय काढायचं असेल तर त्यांच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूवरून काढावं. डावी बाजू फसवी आहे, ती दहा वर्षांनी जास्त म्हातारी दिसते. अठरा वर्षं हा माणूस गावोगाव सूर्यचुलीशेजारी उभा राहून भाषण करत आला, आणि समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून दर वेळी स्वतः उन्हाला गाल देऊन उभा राहिला. छत्री घ्या, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. उन्हाचं गुणगान गाणाराच छत्रीखाली उभा राहिला तर लोक काय म्हणतील?

मी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. ते मला पायलट म्हणतात. गाडीच्या दोन्ही अंगांना हसरा सूर्य रंगवलेला आहे. त्यातल्या एका सूर्याचा डोळा कुठल्याशा ट्रकने घासून नेला, तेव्हापासून तो लोकांना डोळा मारत फिरतो. नवा रंग लावायला मी कचेरीत तीन अर्ज दिले. तिन्ही अर्ज अजून फिरताहेत.

आमचं काम सांगायला सोपं आहे. सकाळी निघायचं, गावात मोकळी जागा बघून पेटी उतरवायची, भोंग्यावर लोकांना बोलवायचं आणि उन्हावर भात शिजवून दाखवायचा. सूर्यचूल म्हणजे आतून काळी केलेली पेटी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. आत काळ्या रंगाचे डबे ठेवायचे. ऊन आरशावरून आत शिरतं आणि बाहेर यायचं विसरतं, असं मास्तर समजावून सांगत. धूर नाही, सरपण नाही, गॅस नाही. फक्त वेळ लागतो. चांगल्या उन्हात भाताला दोन तास, कडधान्याला तीन. आणि मधे झाकण उघडायचं नाही, कारण एकदा उघडलं की आतली ऊब पळून जाते आणि काम अर्धा तास मागे पडतं.

हे ‘फक्त वेळ लागतो’ तेवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

मास्तर आधी शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही. मोठ्या बहिणीबरोबर राहतात आणि दोघंही गेली अठरा वर्षं गच्चीवरच्या सूर्यचुलीतलंच खातात. म्हणजे माणूस अंतर्बाह्य खरा आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान यातला नाही. त्यांची बहीण मला एकदा म्हणाली, बरं झालं याचं लग्न झालं नाही. सकाळी नऊला भात लावायचा आणि साडेअकरापर्यंत तोंड मिटून बसायचं, हे कुठल्या बायकोला जमलं असतं?

आता खोटं कुठून सुरू झालं ते सांगतो. सुरुवात माझ्यापासून झाली, त्यामुळे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात आमचे मोठे साहेब कार्यक्रम बघायला आले. दिवस ढगाळ होता. मास्तरांनी डबा पेटीत ठेवला आणि ते बोलायला लागले. पंधरा मिनिटांनी साहेबांनी घड्याळ बघितलं, वीस मिनिटांनी पुन्हा बघितलं. मला मास्तरांची दया आली. माझ्या बायकोने दिलेला जेवणाचा डबा गाडीत होता, त्यातला भात अजून कोमट होता. मी तो गाडीमागे एका काळ्या डब्यात काढला, आरसा नीट करायच्या निमित्ताने पेटी उघडली आणि डबा बदलला. मास्तरांची पाठ माझ्याकडे होती. साहेब उठायच्या बेतात आले तसं मास्तरांनी घाबरत घाबरत झाकण उघडलं, तर आत मऊ, मोकळा भात. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. साहेबांनी दोन घास खाल्ले, टाळ्या वाजवल्या, सगळ्या गावाने वाजवल्या.

महिन्याभरात वरून कागद आला. चाळीस मिनिटांत भात होतो हे साहेबांनी स्वतः पाहिलं आहे, तेव्हा यापुढे एका गावात एक तासाच्या वर थांबू नये आणि दिवसाला तीन गावं करावीत. मास्तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले आणि खरा प्रकार सांगितला. साहेब म्हणाले, शेवटी शिजतो ना? मग घरून शिजवून न्या. टीव्हीवर पदार्थ करून दाखवणारे काय वेगळं करतात?

झालं. तेव्हापासून माझी बायको रोज सकाळी घरच्या गॅसवर तीन डबे भात शिजवू लागली आणि मी ते लोकरीच्या शालीत गुंडाळून गाडीत ठेवू लागलो. गावोगावच्या बायका तो भात चाखून म्हणायच्या, उन्हाच्या भाताची चवच न्यारी. मी घरी येऊन हे सांगितलं की बायको म्हणायची, सांगा त्यांना, सूर्याने घरी मोलकरीण ठेवली आहे.

मास्तरांनी एक पथ्य मात्र पाळलं. चाळीस मिनिटांत भात होतो, हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही. ते डबा ठेवायचे, चाळीस मिनिटं बोलायचे आणि झाकण उघडायचे. किती वेळ लागतो असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, उन्हावर अवलंबून आहे. नरो वा कुंजरो वा. पण लोकांना डोळे असतात आणि गावात घड्याळंही असतात.

कार्यक्रम संपला की एक फॉर्म भरावा लागे. त्यात एक रकाना होता, ‘जागृत झालेल्यांची संख्या’. बसलेली माणसं मोजून मास्तर आकडा लिहायचे. झोपलेली म्हातारी माणसं धरायची की नाही यावरून आमचा वाद व्हायचा. नऊशेच्या वर गावं झाली, बरीचशी पुन्हा पुन्हा. सगळा मुलूख आम्ही जागा केला म्हणायला हरकत नाही.

वर्षा-दोन वर्षांनी त्याच गावातून पुन्हा गेलो की लोकांनी आमचा कार्यक्रम बघून घेतलेल्या पेट्या दिसायच्या. कुणी त्यात कोंबडी अंड्यांवर बसवलेली, कुणी पापुद्रे निघालेल्या पेटीत मुलांचे जोडे ठेवलेले. एका शाळेत खडू ठेवत होते. मास्तर उतरून विचारायचे, का हो वापरत नाही? बायका हसून म्हणायच्या, आमच्याकडे नाही होत भात. तुमच्याकडे होतो. मास्तर गाडीत येऊन बसायचे. मी म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं, यांना सवयच नाही नव्याची. कचेरीचा अहवालही तेच म्हणायचा. जनजागृती अपुरी आहे, ती वाढवावी. मग आम्ही आणखी गावं घ्यायचो.

अशी वर्षं गेली. अलीकडे मास्तर फार दमलेले असायचे. गाडीत बसले की डोळे मिटायचे, भाषणातली वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचे आणि मधेच थांबायचे. एकदा म्हणाले, पायलट, एवढं बोललो, त्यातलं काही कुठे रुजलं असेल का रे? मी म्हटलं, मास्तर, डोकं टेका जरा. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. मीही दिवस मोजत होतो. त्यांच्यानंतर मला साहेबांच्या गाडीवर घेणार होते आणि त्या गाडीला थंड हवा होती.

अशात एका सकाळी ती बाई कचेरीत आली.

पस्तिशीची असेल. दोन बस बदलून आली होती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. तिने ते मास्तरांच्या टेबलावर ठेवून सोडलं. आमच्या पेटीतला काळा डबा होता. झाकण काढून ती म्हणाली, “मास्तर, माझं काय चुकतं ते सांगा.”

डब्यात भात होता. वरून फुगलेला, आतून कच्चा, काही दाणे तर नुसते भिजलेले.

तिची हकिगत अशी. हातमागाच्या एका मोठ्या कारखान्याशेजारी कामगार बायकांच्या मुलांचं पाळणाघर होतं. बावीस मुलं. तिथे ती स्वयंपाकीण. आठ महिन्यांपूर्वी आम्ही तिथे कार्यक्रम केला होता. पाळणाघराच्या समितीला पेटी इतकी पसंत पडली, की त्यांनी मोठी पेटी मागवली आणि लाकडाची चूल पाडून टाकली. मुलांना धूर नको, हे सगळ्यांनाच पटलं होतं. आणि तेव्हापासून रोज भात कच्चा. मुलांची पोटं दुखायची, त्यांच्या आया येऊन तिला बोलायच्या. तिने तांदूळ बदलला, पाणी कमी-जास्त करून बघितलं, डबे घासून पुन्हा काळे केले.

मास्तरांनी विचारलं, डबा ठेवल्यावर झाकण कधी उघडता?

“तुम्ही उघडलं तेव्हाच,” ती म्हणाली. “कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तुम्ही डबा ठेवलात. मी घड्याळ बघून ठेवलं होतं. बरोबर चाळीस मिनिटं. तेवढ्यात नसेल झाला तर झाकण पुन्हा लावते आणि दहा मिनिटांनी बघते. मग पुन्हा. सात-आठ वेळा बघते, पण मुलांची जेवायची वेळ होईपर्यंत शिजतच नाही.”

मी दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होतो.  नऊशे गावं एकदम डोळ्यांपुढे आली. त्या सगळ्या बायकांनी चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं असणार, आणि दहा मिनिटांनी पुन्हा, आणि पुन्हा. आम्ही दाखवलं तसंच त्यांनी केलं होतं. म्हणून कुणाचाही भात कधी शिजला नव्हता.

मास्तरांनाही ते त्याच क्षणी कळलं. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि हात तसाच वर ठेवून बसून राहिले.

बाई बोलतच होती. तिच्या आधी तिथे तिच्या सासूने सव्वीस वर्षं लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक केला. धुराने डोळे गेले, वयाने कान गेले, तेव्हा तिने आपली जागा सुनेला दिली. सव्वीस वर्षांत एक शीत कच्चं राहिलं नव्हतं. आता ती उठता-बसता म्हणायची, माझं नाव घालवलंस. हातालाच गुण नाही तुझ्या. शेजारणी ऐकायच्या. शेवटी म्हातारीने तिच्या हातचा भात सोडला आणि ती पाव भिजवून खाऊ लागली. आता शुक्रवारी समितीची बैठक होती. तिला काढून दुसरी बाई ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं.

“काम गेलं तर जाऊ दे,” ती म्हणाली. “दुसरं बघेन. पण माझं काय चुकतं ते मला कळायला हवं. तेवढ्यासाठी आले.”

मास्तर म्हणाले, “ताई, तुमचं काही चुकत नाही. मी शुक्रवारी येतो.”

एवढंच. ती थोडी थांबली, आणखी काही सांगतील म्हणून. मग डबा फडक्यात बांधून गेली. मला मास्तरांचा राग आला. तिथल्या तिथे सांगून टाकायला काय झालं होतं? पण मी कुठल्या तोंडाने बोलणार? पहिला डबा मीच बदलला होता.

मास्तर तडक साहेबांकडे गेले. हे साहेब नवे, तरुण. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. शुक्रवारचा पूर्ण दिवस एकाच ठिकाणी द्यायचा आहे आणि तिथे लोकांना खरं सांगायचं आहे, असं मास्तरांनी मांडलं. साहेब म्हणाले, शुक्रवारी तीन गावं आहेत. तीन महिने राहिलेत, आता खाजवून खरूज कशाला काढता? एका ठिकाणी सांगितलंत की दहा ठिकाणी जाईल, आणि अठरा वर्षांचे अहवाल खोटे ठरतील. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, तुमच्या निवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावरून जाणार आहेत.

मास्तरांनी बाहेर येऊन रजेचा अर्ज लिहिला. त्यांचं अक्षर सुंदर आहे, त्या दिवशी वाकडं आलं. मी गाडी दुरुस्तीला नेतो अशी नोंद केली आणि किल्ली खिशात टाकली. खरं सांगायला जाण्यासाठी खोटी नोंद करावी लागली, याला इलाज नव्हता.

शुक्रवारी पहाटे बायकोने सवयीने भाताचं पातेलं काढलं. मी म्हटलं, आज नको. ती पातेलं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. कुणी गेलं का, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बायकांना मीही फसवलंच की.

पाळणाघराचं अंगण लहान होतं. एका बाजूला दोरीवर दुपटी वाळत होती, भिंतीशी बावीस पेले उलटे मांडलेले. पाडलेल्या चुलीची काळी भिंत तशीच होती. नऊ वाजताच मास्तरांनी पेटी रिकामी तापत ठेवली. समिती म्हणजे कारखान्याचा मुकादम, मुलांना सांभाळणाऱ्या दोघी आणि तीन मुलांच्या आया. त्या तिघी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आल्या होत्या. मुकादम म्हणाला, लवकर आटपा, बैठक दहा मिनिटांची आहे.

मास्तरांनी मला भोंगा काढू दिला नाही. नुसते उभे राहिले. सवयीने त्यांचा गाल उन्हाकडे गेला. 

“आठ महिन्यांपूर्वी तुम्ही इथे जो भात खाल्लात, तो या पेटीत शिजला नव्हता,” ते म्हणाले. “तो या पायलटच्या घरी गॅसवर शिजला होता. आम्ही डबा बदलला. या पेटीत भाताला दोन तास लागतात, बावीस मुलांच्या भाताला अडीच. आणि मधे उघडलं तर शिजतच नाही. या ताईंनी मी दाखवलं तसंच केलं. म्हणून भात कच्चा राहिला. चूक त्यांची नाही, माझी आहे.”

मी खाली बघत होतो.  मग मुकादम जे बोलला ते बोलायचा त्याला हक्कच होता. तुमच्या शब्दावर आम्ही चूल पाडली. आठ महिने पोरांना कच्चं खायला घातलं. आता पुन्हा तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? एक आई म्हणाली, माझ्या लेकीचं पोट दुखायचं म्हणून मी हिला नाही नाही ते बोलले.

मास्तर म्हणाले, विश्वास ठेवू नका. बसा आणि बघा.

या सगळ्यात ती बाई तांदळाचं भांडं घेऊन उभी होती. तिने मास्तरांकडे बघितलंही नाही. तांदूळ निवडला, धुतला, पाणी मोजून घातलं, डबे भरले. पेटीपाशी आली तेव्हा हळू आवाजात तिने विचारलं, “त्या दिवशी कचेरीत का नाही सांगितलंत?”

“धीर झाला नाही,” मास्तर म्हणाले.

तिने मान हलवली आणि डबे आत ठेवले. दहाला पाच कमी होते.

असा कार्यक्रम मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. काही घडतच नव्हतं. भाषण नाही, गाणं नाही, टाळ्या नाहीत. एक पेटी उन्हात ठेवली आहे आणि माणसं तिच्याकडे बघत बसली आहेत. अर्ध्या तासाने मास्तर उठून आरसा जरासा फिरवायचे आणि पुन्हा बसायचे. चाळीस मिनिटं झाली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाईचा हात आपोआप झाकणाकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.

अकराला मुकादम कारखान्यात जाऊन येतो म्हणून गेला. एक आई गेली. साडेअकराला एक ढग आला आणि माझा जीव वरखाली झाला, पण तो मास्तरांची दया आल्यासारखा लवकर सरकला. बारा वाजता मुलं रडायला लागली. त्यांना केळी दिली. केळी खाऊन ती पेटीभोवती गोळा झाली, तेव्हा सांभाळणाऱ्या बाईने त्यांना लांब बसवलं. मुकादम परत आला आणि म्हणाला, झालं का?  मला वाटत होतं की उठावं आणि झाकण उघडून बघावं. इतकी वर्षं ज्या बायकांना मी नावं ठेवली, त्यांच्या जागी मी त्या दिवशी बसलो होतो. अडीच तास न बघता बसणं काय असतं ते मला कळलं.

साडेबारा झाले. मास्तर म्हणाले, आणखी दहा मिनिटं. मग उठले आणि झाकणाला हात घालायला वाकले.

“तुम्ही नको,” बाई म्हणाली. “मी उघडते.”

काच वाफेने धुरकट झाली होती. तिने डबा फडक्याने धरून बाहेर काढला आणि झाकण बाजूला केलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. तिने एक शीत उचललं आणि दोन बोटांत दाबलं. मग दुसऱ्या कडेचं एक. मग डब्याच्या मधोमध खालपर्यंत चमचा घालून तळातलं एक. तिसरं तिने तोंडात टाकलं.  मुलांना हात धुवायला लावा, एवढंच सांभाळणाऱ्या बाईंना सांगितलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मुलं जेवली. एकाने दोनदा मागून घेतला. मुकादमाने चमचाभर खाऊन बघितला आणि भिंतीशी उभ्या उभ्याच निर्णय सांगितला. बाई राहील. मुलांचं जेवण पाऊण वाजता होईल. ढगाळ दिवसांसाठी कोपऱ्यात एक चूल पुन्हा बांधायची. आणि पेटी आणखी एक महिना बघू, मग ठरवू. मास्तर म्हणाले, हे सगळं बरोबर आहे. अठरा वर्षांत त्यांना मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं आणि ते ‘बघू’ असं होतं.

मला वाटलं, संपलं. मी पेटी भरायला लागलो. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, अगदी गळून गेले होते. कामावर आता साहेबांकडून काय काय ऐकावं लागेल ते त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात बाई एका ताटलीत भात वाढून, वर दुसरी ताटली झाकून आली.

“तुम्ही माझ्याबरोबर घरी चला,” ती मास्तरांना म्हणाली. “समितीला सांगितलंत, ते झालं. आता आईंना सांगा.”

घर मागच्याच गल्लीत होतं. एकच खोली, दारात खाटेवर म्हातारी बसलेली. मास्तर तिच्यासमोर वाकले आणि बोलायला लागले. तिने हात हलवला. आम्हाला काही घ्यायचं नाही, पुढच्या घरी विचारा. मास्तर जरा मोठ्याने बोलले. ती म्हणाली, कुणाचा पत्ता हवाय?

बाई बाजूला उभी होती. मदतीला आली नाही. माझ्या मनात आलं, गाडीतून भोंगा आणावा. पण तसं बोलायची माझी छाती झाली नाही.

मग मास्तर खाटेपाशी गुडघ्यांवर बसले, म्हातारीच्या कानाजवळ तोंड नेलं आणि ओरडून बोलले. समोरच्या खिडकीत दोन बायका आल्या, वरच्या जिन्यात एक माणूस थांबला. भाताला अडीच तास लागतात, मी चाळीस मिनिटांत दाखवला, मी फसवलं, हे सगळ्या गल्लीने ऐकलं. “तुमच्या सुनेची चूक नाही,” ते म्हणाले. ते त्यांना तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्या वेळी आवाज चिरकला.

 म्हातारीने हाताने चाचपत सुनेचं मनगट शोधलं आणि धरलं.

“आठ महिने मी तुला बोलतेय,” ती म्हणाली. “तू ऐकून का घेतलंस? माझी चूक नाही, असं एकदा तरी म्हणायचंस.”

सुनेने ताटली तिच्या मांडीवर ठेवली. तिच्या कानाशी वाकली.

“मलाच कुठे माहीत होतं, आई,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमचंच खरं आहे.”